वाचकांचे प्रश्न : देणगीचं आवाहन आणि त्यातला हिशेब

प्रश्न : आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरच्या मुलांना दरवर्षी शालेय साहित्य देतो. वेबसाइट करून देणारा म्हणतो, ‘₹५०० त एक मूल शिकवा, १०० टक्के पैसा मुलांना, फक्त २ दिवस बाकी’ असं टाका. टाकावं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आहे तसं यातलं एकही वाक्य टाकू नका.

आधी रक्कम. समजा, दप्तर ₹३२०, तीस रुपयांच्या १२ वह्या ₹३६०, कंपास-पेनं ₹९०, झाले ₹७७०. अमळनेरहून गाडीभाडं, पुढे पाड्यापर्यंतची जीप आणि हिशेब-पावत्या यांचा वाटा मुलामागे ₹१३० धरला की ₹९००. मग आकडा ₹९०० च लिहा आणि ही फोड त्याच पानावर द्या. ₹५०० लिहून बाकीचे दुसऱ्या देणगीतून भरले, तर ₹१,००० देणाऱ्याला दोन मुलांचं केल्याचं समाधान मिळतं. भागतं मात्र जेमतेम एकाचं. शिवाय दप्तर दिलं म्हणजे मूल शिकवलं असं होत नाही. ‘एका मुलाचं वर्षाचं शालेय साहित्य’ एवढंच म्हणा.

‘१०० टक्के’ तेव्हाच खरं, जेव्हा जीपचं भाडं विश्वस्त किंवा दुसरं कुणी वेगळं देतं. मग कोण देतं तेही लिहा. नाहीतर ‘₹९०० पैकी ₹७७० साहित्यावर’ पुरे. वाहतुकीचा खर्च दाखवायला संस्था उगाच लाजतात. सातपुड्याच्या घाटात सामान फुकट चढत नाही.

मुदत तुमच्याकडे खरीच आहे: जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत सामान पोहोचायला हवं. तर सामान निघण्याची तारीख लिहा. पान उघडलं की दर वेळी पुन्हा दोन दिवसांपासून सुरू होणारं घड्याळ म्हणजे शुद्ध थाप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दल, काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई करणं फसव्या पद्धतींत धरलं आहे. खरेदीच्या बिलात न विचारता देणगी घुसवणंही त्याच यादीत आहे. ते विक्रेत्यांसाठी म्हणून सोडून देऊ नका. ‘दरमहा द्या’च्या चौकोनात आधीच टिक ठेवणं त्याच जातीचं.

खरी गोची होते ती पैसे जास्त जमले की. साठ मुलांसाठी आवाहन केलं आणि नव्वद मुलांचे पैसे आले, तर वरच्या पैशांचं काय? देणगीदाराने ते दप्तरासाठी दिलेत, कार्यालयाच्या भाड्यासाठी नाही. म्हणून ‘जास्त रक्कम जमल्यास पुढच्या वर्षीच्या साहित्यासाठी राखून ठेवू’ ही ओळ पैसे घेण्याआधीच, बटणाच्या वर हवी. मागाहून टाकलेली ओळ कामाची नाही. साठ पूर्ण झाले की आवाहन बंद करा.

कुणी कंपनी ‘जेवढे जमतील तेवढे आम्ही घालू’ म्हणत असेल, तर एकच विचारा: लोकांनी काहीच दिलं नाही तरी कंपनी देणार आहे का? देणार असेल, तर ‘तुमचा रुपया दुप्पट’ लिहू नका.

फोटो त्याच पाड्यावरचे, त्याच कामाचे आणि पालकांना विचारून काढलेले असावेत. मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेलं म्हणून बाल न्याय व्यवस्थेत आलेलं असेल, तर त्याची ओळख उघड करायला २०१५ च्या कायद्याचं कलम ७४ मनाई करतं.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये एका संस्थेला ऑनलाइन ₹५,००० दिले. साइटवर ‘५० टक्के कर वाचवा’ होतं. पावती आली, पण सीए म्हणतात ती चालणार नाही.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : सीए बरोबर सांगतात. २०२१-२२ पासून सवलतीसाठी फॉर्म १०बीई, म्हणजे संस्थेने द्यायचं देणगीचं प्रमाणपत्र, लागतो. संस्थेने देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, भरलं की तो तयार होतो. तुमच्या देणगीसाठी मुदत ३१ मे २०२५ होती. तुमचा पॅन विवरणात बरोबर भरला होता का, तेही विचारा. ‘आमच्याकडे १२ए आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका: १२ए नोंदणीने संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, देणगीदाराला वजावटीसाठी हवं संस्थेचं ८०जी प्रमाणपत्र. तेही देणगीच्या तारखेला चालू असलेलं.

‘५० टक्के कर’ ही तर सरळ दिशाभूल. वजावट ₹२,५०० ची, तीही उत्पन्नातून. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह वाचतात ₹५२०. नवी करप्रणाली घेतली असेल तर शून्य. आणि ₹२,००० वरची रोख देणगी ८०जी त बसतच नाही.

प्रश्न : भाचा अमेरिकेत असतो. त्याने आमच्या गावच्या ट्रस्टच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवले तर चालेल?
— एक वाचक, शहादा

उत्तर : पासपोर्ट कुठला, ते विचारा. भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतला, बँकेमार्फत आलेला असेल, तर तो परकीय देणगीत मोडत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगीच. ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर घेता येणार नाही. नोंदणी असली तरी असा पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावातल्या खात्याचा क्यूआर कोड यासाठी चालत नाही, आणि वेबसाइटवर परदेशातल्या देणगीदारांसाठी तो लावलेला असेल तर आजच काढा.