लिलावात हरल्यावर विक्रेत्याचा थेट ईमेल आलाय, उत्तर देऊ का?

तुमची हकिगत थोडक्यात अशी: ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पार्कर ५१ या जुन्या शाईपेनासाठी तुम्ही ९६ डॉलरपर्यंत बोली लावली, पेन ९७ ला दुसऱ्याला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या जीमेलवर विक्रेत्याचं पत्र हजर. "अगदी तसंच आणखी एक माझ्याकडे आहे, ९६ डॉलर, टपालखर्च माझा, साइटवर नको, पैसे थेट पाठवा." त्याला पत्ता कुठून मिळाला, हे कायद्यात बसतं का आणि उत्तर द्यावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. देऊ नका. सभ्यपणे "नको" असंही कळवू नका, कारण त्यातून त्याला एवढंच कळतं की हा पत्ता चालू आहे आणि माणूस पत्रं वाचतो.

पण तुम्ही विचारलाच नाहीत तो प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ९६ च का? ९० का नाही, १०० का नाही?

मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेली वीसेक वर्षं पेनं धुंडाळते. रविवारी आणि बुधवारी भरतो तो. तिथला पहिला नियम म्हणजे आपण आकडा आधी बोलायचा नाही. पेन उचलायचं, निब उजेडात धरायची, तोंड वाकडं करायचं, परत ठेवायचं. तिथले एक पेनवाले काका मला सुरुवातीलाच म्हणाले होते, "ताई, तुम्ही आधी खिसा दाखवलात, आता भाव खिशाएवढाच होणार." ऑनलाइन लिलावात आपण नेमकं हेच करतो, आणि वर त्याची लेखी नोंद ठेवतो.

साइटला तुम्ही तुमची कमाल रक्कम कानात सांगता. ती तुमच्या वतीनं लागेल तेवढीच बोली चढवत नेते. तुमच्या पेनाचा जो धनी झाला, त्याची कमाल रक्कम कुणालाच कळली नाही. तो बिचारा ३०० डॉलर लावून बसला असेल. दुसऱ्या क्रमांकापेक्षा एक पायरी वर, म्हणजे ९७, एवढेच त्याला भरावे लागले. तुमची रक्कम मात्र शेवटच्या सेंटपर्यंत उघडी पडली. जिंकणारा झाकलेला आणि हरणारा उघडा, अशी या पद्धतीची गंमत आहे. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल, तर प्रत्येकानं मनातला खरा आकडा सांगणंच त्याच्या फायद्याचं असतं. (आडनाव खरंच विक्री. १९९६ साली नोबेल मिळालं त्यांना. मराठी माणसाला ते लगेच पाठ होतं.) सिद्धांत सुंदर आहे, पण खरा आकडा ऐकणारा माणूस त्याचा गैरफायदा घेणार नाही, हे त्यात गृहीत आहे. तुमच्या विक्रेत्यानं घेतला. ९६ हा त्या पेनाचा भाव नाही, तो तुमचा भाव आहे.

आता पत्ता कुठून मिळाला ते. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं तेव्हा सभासदांची ओळख म्हणजे त्यांचा ईमेलच असायचा, बोलीच्या यादीत सगळ्यांना दिसणारा. त्यातून व्हायचं ते झालंच. रिव्हर्सऑक्शन नावाच्या प्रतिस्पर्धी साइटनं ईबेवर सभासद होऊन तिथल्या लोकांचे पत्ते गोळा केले आणि "तुमचा ईबे युजर आयडी लवकरच संपणार" अशा थाटाच्या विषयओळीनं त्यांना जाहिराती धाडल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना धरलं आणि जानेवारी २००० मध्ये तडजोड झाली. पुढे ईमेल झाकले गेले आणि टोपणनावंच दिसू लागली. तरी भामटे बोलीच्या यादीतून हरलेली माणसं हेरून "जिंकणारा पळाला, तुम्ही घ्या" अशी बनावट पत्रं पाठवतच राहिले. म्हणून २००६-०७ च्या सुमारास महागड्या वस्तूंपासून सुरुवात करून ईबेनं बोलीदारांची नावं इतरांपासून झाकली. आता दिसतात ती दोन अक्षरं आणि मध्ये तीन चांदण्या.

विक्रेत्याला मात्र पूर्ण टोपणनाव दिसतं. आणि तुम्हीच लिहिलंय की तुमचं टोपणनाव आणि जीमेलच्या पत्त्याचा पहिला भाग एकच आहे. पुढे "अ‍ॅट जीमेल" जोडायला काही विद्वत्ता लागत नाही. शंभर हरलेल्यांना असं पत्र टाकलं की वीस-पंचवीस तरी पोचत असतील. त्याच्याकडून आधी कधी काही विकत घेतलं असेल तर प्रश्नच मिटला. पार्सलसाठी तुमचं नाव, पत्ता, फोन त्याच्या वहीत आहेच.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगते, म्हणजे उपदेश करतेय असं वाटणार नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका भारतीय लिलाव साइटवर (नाव घेत नाही) मी असंच एक ५१ थोडक्यात गमावलं. वडिलांच्या पेनाची जोडी जमवायची म्हणून जीव अडकला होता. दोन दिवसांनी विक्रेत्याचा मेल: जिंकणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, ताई, तुमच्याच बोलीला देतो. मला वाटलं, देवच पावला! पैसे थेट खात्यावर टाकले. पेन आलं, त्याचं टोपण भलत्याच पेनाचं होतं आणि निबेवरच्या हूडला केसाएवढी चीर. साइटकडे तक्रार केली तर त्यांनी विचारलं, व्यवहार क्रमांक काय? व्यवहार क्रमांक नव्हताच. त्या चिरेतून अजूनही शाई पाझरते. बोट निळं झालं की मला तो माणूस आठवतो.

त्या साइटसाठी मी जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून पुढे एक शब्द जोडला होता. तसं केलं तरी मेल तुमच्याच पेटीत येतो, पण कुठल्या वाटेनं आला ते कळतं. वर्षभरात त्या पत्त्यावर गालिचेवाले, रत्नवाले आणि एक वास्तुतज्ज्ञ येऊन गेले. म्हणजे पत्ता पुढे विकला गेला किंवा वाटला गेला होता. कुणी, साइटनं की विक्रेत्यानं, ते मला कधीच सिद्ध करता आलं नाही.

नावं झाकल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. आपल्याकडे धान्याच्या आणि जनावरांच्या बाजारात पूर्वी हत्ता पद्धत होती. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि माल ज्याचा त्या शेतकऱ्यालाच कळायचं नाही किती बोटं दाबली गेली. म्हणून बाजार समित्यांत उघड लिलाव आला. ऑनलाइनवर आपण उलटे रुमालाकडे गेलो. चांदण्यांआडून विक्रेत्याचाच मेव्हणा बोली फुगवत असेल तर आता ते पटकन ओळखू येत नाही. ईबेनं नावं झाकली तेव्हा संग्राहकांनी हीच ओरड केली होती आणि त्यात तथ्य होतं. तरी बोलीच्या इतिहासात त्या माणसाच्या नोंदीवर क्लिक करून पाहा. गेल्या ३० दिवसांतल्या त्याच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत ते दिसतं. शंभरच्या आसपास असेल तर नातं समजून घ्या. कधी मेव्हण्याच्या हातून एक पायरी जास्त चढते, वस्तू चुकून त्यालाच लागते, आणि मग येते "दुसरी संधी", तुमच्या कमाल आकड्याला. माझ्या पेनाचं तसंच झालं असावं असा मला दाट संशय आहे. एवढं असूनही, नावं झाकणंच बरोबर, असं माझं मत आहे. फुगवलेल्या बोलीत चार पैसे जास्त जातात. बनावट पत्राला फसलं तर सगळेच जातात.

दुसऱ्या संधीची अधिकृत सोयही ईबेवर आहे, तिच्याशी गल्लत करू नका. ती साइटच्या आतल्या संदेशांत दिसते, तिथेच विकत घ्यायचं बटण असतं, आणि खरेदीला नेहमीचं संरक्षण मिळतं. किंमत तिथेही तुमच्या कमाल बोलीएवढीच असते, हे जाता जाता लक्षात घ्या. तुमच्या पत्रातलं "साइटवर नको" हे वाक्य मात्र सगळं सांगून जातं. व्यवहार बाहेर नेणं ईबेच्या नियमांत बसत नाही.

कायद्याबद्दल फार आशा ठेवू नका. फोन आणि एसएमएसवरच्या जाहिरातींना ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम आहेत, त्या थांबवायला १९०९ हा क्रमांक आहे. ईमेल त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम त्रासदायक ईमेललाही लागू होतं, पण ते इतकं मोघम होतं की सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कामाचा आहे: माहिती ज्या कारणासाठी दिली त्यापलीकडे वापरायची तर संमती हवी, आणि भारतातल्या लोकांना माल विकणाऱ्या परदेशी माणसालाही तो लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. आणि एक मेख आहे. जी माहिती तुम्ही स्वतःच जगजाहीर केलीत, तिला या कायद्याचं कवच नाही. प्रोफाइलवर ईमेल लिहून ठेवला असेल तर आजच काढा. एका पेनासाठी परदेशातल्या विक्रेत्यामागे कुणी धावणार नाही हेही तितकंच खरं. पैसे गेले असते तर गोष्ट वेगळी होती, मग तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो.

आता करायचं ते एवढंच. मेल पुसू नका, उत्तर न देता तसाच ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट जोडून साइटवर विक्रेत्याची तक्रार करा. टोपणनाव बदला, ईबे ते बदलू देतं. नवं नाव ईमेलशी, इन्स्टाशी, कशाशीही जुळणारं नको. लिलावांसाठी वेगळा ईमेल ठेवा. आणि बोली शेवटच्या काही सेकंदांत लावा. लोकांना वाटतं ही युक्ती जिंकण्यासाठी आहे. मी ती वापरते कारण लिलाव चालू असताना माझा आकडा कुणाला चाचपडता येत नाही. हे काम आपोआप करून देणाऱ्या सेवा असतात, त्या तुमचा पासवर्ड मागतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, मोबाइलवर गजर लावा. रात्री अडीचचा गजर वाजला की घरचे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

त्याच्याकडे दुसरं ५१ खरंच असेल तर महिन्या-दोन महिन्यांत ते साइटवर चढेल. त्याची पानं अधूनमधून चाळत राहा. चढलं तर टोपणाचे आणि हूडचे जवळून फोटो साइटवरच मागा, आणि या वेळी आकडा ९६ ठेवू नका. ८१ पासून बघा.