घरातील कुंडीसाठी माध्यम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : बागेतील वाफ्यात ज्या मातीत मिरची आणि टोमॅटो उत्तम येतात, तीच माती शेणखत मिसळून मी घरातील कुंड्यांत भरली. ग्रो लाइट पुरेसा आहे, पाणीही नियमित देतो; तरीही झाडे मलूल राहतात. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर दिला आहे. चूक कोठे होते?

उत्तर : आपली माती वाईट नाही, ती कुंडीसाठी योग्य नाही इतकेच. वाफ्यात दिलेले पाणी खालच्या सलग मातीत ओढले जाते, गांडुळांनी आणि जुन्या मुळांनी केलेल्या पोकळ्यांतून हवा आत शिरते, आणि ऊन-वाऱ्याने वरचा थर लवकर वाफशावर (ओल आणि हवा दोन्ही पुरेशा असलेल्या स्थितीत) येतो. घरातील कुंडीत यांपैकी काहीही घडत नाही. कुंडीच्या तळाशी मातीचा सलगपणा तुटतो, त्यामुळे निथळणे थांबल्यावरही तळालगत पाण्याने पूर्ण भरलेला एक थर शिल्लक राहतो. या थराची उंची प्रामुख्याने कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. बारीक कणांच्या मिश्रणात तो 5 सेंमी असेल, तर 25 सेंमी उंच कुंडीतील पाचवा हिस्सा चिंब राहतो; 10 सेंमी उंचीच्या कुंडीत मात्र निम्मे माध्यम पाण्यात असते. प्राणवायू हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो, म्हणून त्या भागातील मुळे गुदमरतात, अन्नद्रव्ये उचलू शकत नाहीत, आणि पुढे मुळकूज सुरू होते. अशा वेळी झाड उपाशी आहे असे समजून खत वाढवले जाते आणि त्रास दुप्पट होतो.

खडीच्या थराबद्दलचा समज फार जुना आहे, पण तो चुकीचा आहे. बारीक मातीतील पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते मातीतच अडून राहते. परिणामी चिंब थर नाहीसा न होता फक्त वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. खडी काढून टाका. मातीच वापरायची असेल, तर ती एकटी वापरू नका. इंग्लंडमधील जॉन इनिस संस्थेत 1930च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीसाठी जे प्रमाणित मिश्रण ठरवले, त्यात आकारमानाने 7 भाग पोयटा (भुसभुशीत, मध्यम पोताची माती), 3 भाग पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला वनस्पतिजन्य पदार्थ) आणि 2 भाग जाड वाळू होती, आणि पोयटा आधी वाफेने निर्जंतुक केलेला असे. चिकण माती असेल, तर घरातील कुंडीसाठी तिचा विचार न करणेच बरे.

प्रश्न : मी कोकोपीट तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन वापरले. तरी नवी पाने वेडीवाकडी येतात आणि जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो. ही कोणत्या खताची कमतरता?

उत्तर : वर्णनावरून नव्या पानांत कॅल्शियमची आणि जुन्या पानांत मॅग्नेशियमची कमतरता दिसते, परंतु खताचे प्रमाण वाढवण्याआधी कोकोपीटकडे पाहावे. नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या या भुश्शाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्या जागांवर पोटॅशियम व सोडियम चिकटून बसलेले असतात. साध्या पाण्याने मोकळे क्षार वाहून जातात, चिकटलेले जात नाहीत. आपण कॅल्शियम दिले की कोकोपीटच ते धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम मुळांपाशी सोडते. जास्तीचे पोटॅशियम मग मॅग्नेशियमच्या शोषणालाही अडथळा आणते.

यावर उपाय लागवडीपूर्वीच करायचा असतो. कोकोपीट फुगवून धुतल्यानंतर दर लिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्या द्रावणात ते रात्रभर भिजवावे, निथळू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावे. ईसी (पाण्यातील क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता) मोजणारा मीटर असेल, तर शेवटच्या निथळाची ईसी वापरलेल्या पाण्याच्या ईसीजवळ आली आहे का, ते पाहावे. मीटर नसेल, तर पिशवीवर ‘बफर केलेले’ (म्हणजे कॅल्शियमची अशी प्रक्रिया आधीच केलेले) असे स्पष्ट लिहिलेला माल घेणे सोयीचे. लागवड झालेल्या कुंड्यांत काही आठवडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेले सौम्य खत द्यावे. मातीविरहित माध्यमात सामू (पीएच) 5.8 ते 6.3च्या दरम्यान ठेवावा. तो 7च्या वर गेला, की लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असे चित्र दिसते.

प्रश्न : परलाइट घ्यावे की व्हर्मिक्युलाइट?

उत्तर : दोघांचे काम वेगळे आहे. परलाइट ही तापवून फुगवलेली ज्वालामुखीय काच. ती हवा राखते, अन्नद्रव्ये जवळजवळ धरत नाही. व्हर्मिक्युलाइट हे तापवून फुगवलेले, अभ्रकासारखे पापुद्र्यांचे खनिज. ते पाणी आणि अन्नद्रव्ये धरते, पण दाबले की चपटे होते. बियांच्या ट्रेसाठी व्हर्मिक्युलाइट, मोठ्या कुंडीसाठी परलाइट. परलाइट हाताळण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे, कारण त्याची धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये.

प्रश्न : कोकोपीट, परलाइट आणि गांडूळखत यांचे नेमके प्रमाण सांगाल का?

उत्तर : सुरुवातीला आकारमानाने 5 भाग कोकोपीट, 3 भाग परलाइट आणि 2 भाग चाळलेले गांडूळखत घ्यावे. गांडूळखत याहून वाढवू नये, कारण त्याचे बारीक कण पोकळ्या बुजवतात आणि क्षारही वाढतात. मात्र प्रत्येकाच्या कोकोपीटचा भरडपणा वेगळा असल्याने मी प्रमाणापेक्षा मोजणीवर अधिक भरवसा ठेवतो, आणि ही मोजणी घरी करता येते.

ज्या कुंडीत झाड लावायचे, तीच कुंडी घ्या. भोके टेपने बंद करून ती पाण्याने भरा आणि किती पाणी मावले ते मोजा. मग कुंडी रिकामी करून त्यात मिश्रण भरा आणि वर पाणी चमकेपर्यंत सावकाश पाणी घाला. एकदा निथळू देऊन, भोके पुन्हा बंद करून दुसऱ्यांदा भरले तर अडकलेली हवा निघून जाते. आता टेप काढा आणि निथळलेले सर्व पाणी मोजा. जेवढे पाणी निथळले, तेवढीच हवा आत आली. 3 लिटरच्या कुंडीतून 450 मिलि पाणी निघाले, तर हवेचे प्रमाण 15 टक्के झाले. घरात बाष्पीभवन मंद असते, म्हणून मी 15 ते 25 टक्के योग्य मानतो. 10च्या खाली आकडा आला, तर परलाइट वाढवा.

प्रश्न : मिश्रणातून बारीक काळ्या माश्या निघतात. ते फेकून द्यावे का?

उत्तर : नको. त्यांच्या अळ्या ओल्या वरच्या थरातच वाढतात, म्हणून वरचे 3-4 सेंमी माध्यम दोन पाण्यांच्या मध्ये कोरडे होऊ द्यावे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. अर्धवट कुजलेले खत हे या माश्यांचे मोठे आकर्षण असते.

प्रश्न : जुने मिश्रण ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येईल का?

उत्तर : झाड मुळकुजीने मेले असेल, तर ते मिश्रण घरात पुन्हा वापरू नये. निरोगी झाडाचे असेल, तर तापवण्याची गरजही सहसा नसते: मुळे चाळून काढा, भरपूर पाण्याने साचलेले क्षार धुऊन टाका आणि झिजून बारीक झालेल्या कणांची भरपाई म्हणून ताजे परलाइट मिसळून वरची मोजणी पुन्हा करा. तापवायचेच असेल, तर ओलसर मिश्रणाच्या मध्यभागी थर्मामीटर खोचून 70 अंश सेल्सिअस तापमान 30 मिनिटे ठेवावे. त्याहून फार तापवल्यास मातीतील मँगनीज विषारी प्रमाणात मोकळे होऊ शकते. शिवाय अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेने मरतात, त्यामुळे गांडूळखत असलेल्या मिश्रणात अमोनिया साठतो आणि कोवळी मुळे जळतात. असे मिश्रण धुऊन, काही आठवडे ओलसर व हवेशीर ठेवून मगच त्यात रोप लावावे.