ऑफिस मॅनहॅटनला, घर एडिसनला: करासाठी क्वीन्सला जावं का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑफिस मॅनहॅटनला, आठवड्यातले दोन दिवस घरून काम. पगार दीड लाख डॉलर, पत्नीला सध्या नोकरी नाही. पुण्याच्या फ्लॅटचं थोडं भाडं येतं. दरवर्षी दोन राज्यांची रिटर्न्स भरून वैतागलोय. क्वीन्सला राहायला गेलो तर एकावर भागेल. जावं का?

उत्तर: नुसत्या करासाठी अजिबात नको. राज्य एक होईल, पण क्वीन्स न्यू यॉर्क शहरात येतं, त्यामुळे शहर मागे लागेल. न्यू यॉर्क शहर आपल्या रहिवाशांकडून ३.०७८ ते ३.८७६ टक्के वेगळा कर घेतं. बाहेरून कामाला येणाऱ्यांना तो १९९९ पासून नाही. तुमच्या पगारावर हे पाच हजार डॉलरच्या आसपास जातं. एवढ्यात सीपीएकडून (अमेरिकेतला परवानाधारक हिशेबनीस) दुसरं रिटर्न कितीतरी वर्षं भरून होईल! रोजचा ट्रेनचा वेळ वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पगारावर दुहेरी कर बसतो, असं तुम्हाला वाटत असावं. तसं नाही. ढोबळमानाने तुमच्या पगारावर न्यू यॉर्कचा कर सात हजार, न्यू जर्सीचा साडेपाच. न्यू यॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे करातून तेवढी सूट, न्यू जर्सी देते, त्यामुळे तिथे पगारावर काही उरत नाही. वरचा दीड हजारांचा फरक मात्र कुणी परत करत नाही. म्हणूनच आधी न्यू यॉर्कचा आयटी-२०३ (बाहेरच्या रहिवाशांचा रिटर्न फॉर्म) पुरा करा, मग न्यू जर्सीचा एनजे-१०४० हातात घ्या.

‘घरून केलेले दिवस वगळ आणि रिफंड माग,’ असं सांगणारा एखादा सहकारी भेटेलच. ऐकू नका. स्वतःच्या सोयीसाठी घरून केलेलं काम न्यू यॉर्क आपल्याच हद्दीतलं धरतं. कनेक्टिकटमध्ये राहणारे एडवर्ड झेलिन्स्की हे करकायद्याचेच प्राध्यापक; याच मुद्द्यावर ते न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले.

तुमची खरी गळती पुण्याच्या भाड्यात आहे. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नमध्ये मिळतं, न्यू जर्सीत मिळत नाही. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातल्या) ठेवी असतील तर त्यांचं व्याजही इथे दाखवायचं, भारतात करमुक्त असलं तरी. भाड्यावरचा आणि व्याजावरचा हा कर पगारातून कापला जात नाही. न्यू जर्सीचं देणं वर्षाला ४०० डॉलरवर जाणार असेल तर एप्रिलपासूनच तिमाही हप्ते भरायला लागा.