वाचकांचे प्रश्न : संशोधनातला खंड, निवड समित्या आणि कागदावरचे नियम

विज्ञानातील अध्यापन आणि संशोधनाच्या क्षेत्रात स्त्रियांना समान संधी कशी मिळेल, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सर्व विद्याशाखा मिळून, पीएच.डी. मिळवणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४८ टक्के आणि सर्वोच्च श्रेणीच्या प्राध्यापकांमध्ये सुमारे २६ टक्के होते. आलेली बहुतेक पत्रे या दोन आकड्यांच्या मधल्या वाटेवरची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : पीएच.डी.नंतर दोन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे मुदतीच्या पदावरचे संशोधन, केले. पुढे बाळंतपण आणि घरातील दीर्घ आजारपण यांमुळे चार वर्षे प्रयोगशाळेपासून दूर आहे. बहुतेक जाहिरातींतील वयाच्या किंवा ‘पीएच.डी.नंतर अमुक वर्षांच्या आत’ या अटीत मी आता बसत नाही. परतीची वाट उरली आहे का?

उत्तर : उरली आहे, पण ती दोन वेगळ्या दारांनी जाते आणि त्या दोन्हींची गल्लत केल्यामुळे अनेक अर्ज वाया जातात. पहिले दार केवळ खंड पडलेल्यांसाठी उघडलेल्या फेलोशिपचे. ब्रिटनमधील सरे विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक डॅफ्नी जॅक्सन यांनी १९८५ मध्ये अशी योजना सुरू केली आणि त्यांच्या नावाची विश्वस्त संस्था ती आजही चालवते. किमान दोन वर्षांचा खंड हीच तिथली पात्रता आहे आणि काम अर्धवेळ करता येते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये याच हेतूने महिला वैज्ञानिक योजना आणली. तिची नावे आणि घटक पुढे बदलत गेले, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये, चालू वर्षाची जाहिरातच वाचावी.

दुसरे दार सर्वांसाठी असलेल्या अनुदानांतील सवलतीचे. युरोपीय संशोधन परिषदेच्या सुरुवातीच्या टप्प्यांतील संशोधकांसाठीच्या अनुदानांमध्ये पीएच.डी.नंतरच्या वर्षांची मर्यादा असते, मात्र आईला प्रत्येक अपत्यामागे ती अठरा महिन्यांनी वाढवून मिळते. ही सवलत आपोआप लागू होत नाही. ती अर्जात मागावी लागते आणि जन्मदाखला जोडावा लागतो. ‘मी मर्यादा ओलांडली आहे’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी नियमावलीतील अपवादांचे परिशिष्ट वाचलेत का, हा माझा आपल्याला उलट प्रश्न आहे. मुख्य जाहिरात एका पानाची आणि परिशिष्ट वीस पानांचे असते, आणि आपल्या कामाचे वाक्य बहुधा त्या वीस पानांत असते.

अर्जात खंडाची कारणे विस्ताराने सांगू नयेत. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत आणि कशामुळे, एवढे एका ओळीत पुरे. त्याऐवजी त्या काळात आपल्या विषयात काय बदलले आणि त्यातील कोणती पद्धत आपल्याला शिकावी लागेल, हे लिहावे. परीक्षकाला भीती वाटते ती जुन्या पडलेल्या कौशल्यांची, आणि तिचे उत्तर करुणा मागून मिळत नाही. यजमान प्रयोगशाळा अर्जापूर्वीच ठरलेली असावी लागते, म्हणून पूर्वीच्या मार्गदर्शकांपासून सुरुवात करून तीन-चार ठिकाणी आताच लिहावे.

एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अशा फेलोशिप दोन-तीन वर्षांच्या असतात आणि त्यांच्या शेवटी कायम पद असेलच असे नाही. अनेक जणी एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जात राहतात आणि दहा वर्षांनीही त्यांच्या नावापुढे ‘प्रकल्पातील’ हे विशेषण लागलेलेच असते. म्हणून पहिल्याच दिवशी यजमानांशी ठरवून घ्यावे की निदान एक शोधनिबंध आपला स्वतंत्र असेल, म्हणजे त्यावर पत्रव्यवहारासाठी आपले नाव असेल, आणि दुसऱ्या वर्षी आपल्या नावाने अनुदानाचा अर्ज जाईल.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. अपत्यजन्मानंतर, कायम नियुक्तीसाठी पात्रता सिद्ध करण्याची मुदत स्त्री-पुरुष दोघांनाही एक वर्ष वाढवून द्यावी, असा प्रस्ताव आमच्याकडे आहे. समतेच्या दृष्टीने हे योग्यच नाही का?

उत्तर : हेतू योग्य आहे, परिणाम मात्र तपासून पाहावा. अमेरिकेतील आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांतील अशाच धोरणांचा अभ्यास अँटेकोल, बेडार्ड आणि स्टर्न्स यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दोघांनाही सारखी मुदतवाढ देणाऱ्या विद्यापीठांत पुरुषांना कायम नियुक्ती मिळण्याचे प्रमाण वाढले आणि स्त्रियांचे घटले, असे त्यांना आढळले. वाढीव काळात पुरुषांचे शोधनिबंध नामांकित नियतकालिकांत अधिक छापून आले, स्त्रियांचे तसे आले नाहीत. मुदत सारखी मिळाली तरी त्या मुदतीत रात्री उठणारा माणूस एकच होता, असा याचा अर्थ मी लावते. अभ्यास अर्थशास्त्राचा आहे, प्रयोगशाळेतील विज्ञानाचा नाही, हे लक्षात ठेवावे, पण धोक्याची सूचना म्हणून तो पुरेसा आहे.

वडिलांना रजाच देऊ नये, असा निष्कर्ष यातून मुळीच निघत नाही. युरोपीय संशोधन परिषदेने आईला ठरावीक वाढ आणि वडिलांना त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या रजेइतकी वाढ, असा भेद केला आहे आणि तो मला न्याय्य वाटतो. जो घरी थांबला त्याला वेळ मिळतो, जो थांबला नाही त्याला मिळत नाही. शिवाय मुदत लांबवणे हा उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय आहे, म्हणून संस्था त्याकडे आधी वळतात. परतल्यानंतरच्या एका सत्रात अध्यापनातून सूट, गैरहजेरीत प्रयोग चालू ठेवण्यासाठी तंत्रज्ञाचे वेतन, परिषदेला जाताना मुलाच्या सांभाळाचा खर्च, या गोष्टींना पैसे लागतात आणि त्यांचा उपयोग थेट होतो. १९९५ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ मध्ये स्थापन केलेले प्रतिष्ठान मुले असलेल्या तरुण संशोधिकांना घरकाम आणि बालसंगोपनाच्या मदतीसाठीच रक्कम देते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ स्त्रीने पुरस्कार किंवा पदक न काढता घरकामासाठी पैसे द्यावेत, यातच तिचा अनुभव दिसतो.

प्रश्न : आमच्या निवड समितीत फक्त गुणवत्ता पाहिली जाते. अर्जदार स्त्री की पुरुष, याचा आम्ही विचारही करत नाही. मग समतेचे वेगळे धोरण कशाला?

उत्तर : विचार करत नाही, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे यात मला शंका नाही. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परीक्षकांनाही तसेच वाटत असणार. तिथल्या १९९५ च्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी ६२ पुरुषांनी आणि ५२ स्त्रियांनी अर्ज केले, त्यांतून वीस जणांना फेलोशिप मिळाली आणि त्या वीसांत स्त्रिया चार होत्या. क्रिस्टिन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड यांनी परीक्षकांच्या गुणपत्रिका मागितल्या, परिषदेने त्या नाकारल्या, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि शासकीय कागदपत्रे खुली असण्याच्या कायद्याच्या बळावर त्यांनी त्या मिळवल्या. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार, पुरुषाइतके गुण मिळवण्यासाठी स्त्रीची संशोधन-उत्पादकता सुमारे अडीचपट असावी लागत होती. त्याच कागदांतून दुसरीही गोष्ट बाहेर आली : समितीतील कुणाशी अर्जदाराचा संबंध असेल, तर त्याचाही गुणांमध्ये फायदा होत होता. आप्तसंबंध आणि लिंगभेद ही दोन्ही दुखणी एकाच गुणपत्रिकेत सापडली, कारण निकष सैल होते.

पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठीचा एकच अर्ज दाखवण्यात आला. काहींकडे तो ‘जॉन’च्या नावाने गेला, काहींकडे ‘जेनिफर’च्या. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर होता, जेनिफरचा २६,५०८. स्त्री प्राध्यापकांचे मूल्यमापनही पुरुष प्राध्यापकांसारखेच होते. म्हणून समितीत एक स्त्री बसवली की काम झाले, हा समज सोडून द्यावा.

चित्र एकरंगी नाही, हेही सांगितले पाहिजे. विल्यम्स आणि सेसी यांच्या २०१५ च्या प्रयोगात, तुल्यबळ आणि उत्तम अशा काल्पनिक उमेदवारांमधून सहायक प्राध्यापक निवडताना अमेरिकी प्राध्यापकांनी स्त्रीला जवळपास दुप्पट पसंती दिली. माझ्या मते या दोन निष्कर्षांत विरोध नाही. गुणवत्ता निर्विवाद असेल तिथे पूर्वग्रहाला जागा उरत नाही, आणि ती संदिग्ध असेल तिथे तो शिरतो. प्रत्यक्षातले बहुतेक उमेदवार मात्र संदिग्धच असतात. त्यामुळे अर्ज उघडण्यापूर्वी निकष आणि त्यांचे गुण लेखी ठरवावेत, प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि चर्चेत गुण बदलले तर कारण नोंदवावे. हबल या अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ वाटताना २०१८ पासून प्रस्तावकांची नावे परीक्षकांपासून लपवली जातात. त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे यशाचे प्रमाण ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८ टक्के राहिले. त्याआधीच्या दीड दशकाहून अधिक काळात असे एकदाही घडले नव्हते. नेमणुकीत नाव लपवणे अवघड आहे, पण प्राथमिक चाळणीत ते जमू शकते.

प्रश्न : माझ्या विद्यार्थिनीसाठी शिफारसपत्र लिहायचे आहे. काय टाळावे?

उत्तर : ‘कष्टाळू’, ‘नम्र’, ‘सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी’ हे शब्द टाळावेत, किंवा ते विद्यार्थ्याच्या पत्रातही लिहावेत. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातील तीनशेहून अधिक पत्रे अभ्यासली, तेव्हा स्त्रियांची पत्रे तुलनेने आखूड निघाली आणि त्यांत बुद्धीपेक्षा मेहनतीचे कौतुक अधिक दिसले. तिने कोणता प्रश्न स्वतः मांडला आणि तो कसा सोडवला, ते लिहावे. लिहून झाल्यावर मागील वर्षी विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पत्र शेजारी ठेवून दोन्हींची लांबी मोजावी.

प्रश्न : विभागातील मी एकमेव महिला सहायक प्राध्यापक आहे. प्रवेश समिती, विद्यार्थी तक्रार समिती, स्वागत समिती, सगळीकडे मीच. नाही म्हटले तर ‘सहकार्य करत नाही’ असे ऐकावे लागते. संशोधन कधी करायचे?

उत्तर : आपला अनुभव एकटीचा नाही आणि तो स्वभावाचा प्रश्नही नाही. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये, कुणीतरी करायलाच हवे पण ज्याचे श्रेय कुणालाच मिळत नाही, अशा कामांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मिश्र गटांत स्त्रिया अशा कामाला पुरुषांपेक्षा सुमारे पन्नास टक्के अधिक वेळा तयार झाल्या. गटात सर्व पुरुष किंवा सर्व स्त्रिया असताना मात्र हा फरक नाहीसा झाला. म्हणजे समोर स्त्री नसेल तर पुरुष तेच काम मुकाट्याने करतात. शिवाय काम सांगण्याचा अधिकार कुणाला दिला, तर विनंती स्त्रियांकडेच अधिक वेळा गेली आणि विनंती करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

त्यामुळे ‘नाही म्हणायला शिका’ हा नेहमीचा सल्ला मी देणार नाही. नकाराची किंमत आपल्यालाच मोजावी लागते, हे आपल्या पत्रातच आहे. विभागातील गेल्या तीन वर्षांतील समित्यांची यादी करावी, प्रत्येकीला लागलेले तास अंदाजाने लिहावेत आणि ती यादी आपल्या तक्रारीचा मजकूर न जोडता विभागाच्या बैठकीत ठेवावी. ‘पुढील वर्षी पाळीपाळीने वाटप करावे’ एवढाच ठराव मागावा. बढतीच्या अर्जात समितीकार्याला गुण असतील तर ते तासांसकट मांडावेत, नसतील तर त्या बैठकीत तोही मुद्दा काढावा.

प्रश्न : केवळ स्त्रियांसाठी पदे राखणे कायदेशीर आहे का?

उत्तर : देशागणिक उत्तर बदलते. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये अध्यापकांची पदे सुरुवातीचे काही महिने केवळ स्त्रियांसाठी खुली ठेवण्याचे धोरण आणले. तिथल्या मानवी हक्क संस्थेने २०२० मध्ये ते प्रमाणाबाहेर ठरवले, आणि मग विद्यापीठाने ते मर्यादित करून पुन्हा सुरू केले. मला यात दोन्ही बाजूंचे बरोबर वाटते : धोरण आणणेही आणि त्याची मोजमापाने छाटणीही.

प्रश्न : आमच्या संस्थेत समता समिती नेमली आहे. पहिले काम कोणते हाती घ्यावे?

उत्तर : मोजणे. नॅन्सी हॉपकिन्स या रेण्वीय जीवशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आपल्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजपट्टीने मोजल्या. कायम नियुक्ती झालेल्या महिला प्राध्यापकांनी एकत्र येऊन जागा, पगार आणि संसाधनांतील तफावत मांडली आणि १९९९ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी भेदभाव झाल्याचे जाहीरपणे मान्य केले. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘अथेना स्वान’ सनदेखाली संस्थांना अशा आकड्यांवर आधारित आराखड्यासाठी मानांकन मिळते, आणि भारतात २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘गती’ प्रकल्पाने तोच नमुना समोर ठेवला. युरोपीय संघाच्या संशोधन निधीसाठी सार्वजनिक संस्थांना २०२२ पासून समता आराखडा जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि त्यात निधी व मनुष्यबळाची तरतूद, दरवर्षीचे आकडे आणि प्रशिक्षण या गोष्टी असाव्याच लागतात.

समितीने व्याख्यानमाला आणि भित्तिपत्रके वर्षभर बाजूला ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पदनिहाय अर्जदार किती, मुलाखतीला बोलावलेले किती, नेमलेले किती, सुरुवातीला दिलेली जागा आणि रक्कम किती, बढतीपर्यंत लागलेली वर्षे किती, हा तक्ता स्त्री-पुरुष विभागून पाच वर्षांसाठी तयार करावा. लहान विभागांत आकडे दोन-तीन इतके कमी असतील तर व्यक्ती ओळखू येते, म्हणून ते संस्था पातळीवर एकत्र करावेत. तक्ता मागण्याचा अधिकार समितीला लेखी मिळाला आहे का, हे मात्र पहिल्या बैठकीआधी तपासावे. तो नसेल तर पहिल्या बैठकीचा विषय तोच ठेवावा.