वही घरात उघडी ठेव

लेकरा,

परवा बजाजनगरच्या चौकात उभ्या उभ्या बोललो ते अर्धवटच राहिलं. दुपारचे चार वाजले होते आणि तुझ्या हातातला डबा भरलेला होता, म्हणून मी विचारलं. तेव्हा कुठं कळलं की ठेकेदारानं ब्रेक देऊन, म्हणजे कामावरून बसवून, एकवीस दिवस झालेत. हे तू मला सांगितलंस. बायकोला नाही, गेवराईकडं आईला नाही, आणि लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेल्या धाकट्या बहिणीला तर नाहीच नाही. रोज पहिल्या शिफ्टच्या वेळेला निघतोस, सिद्धार्थ उद्यानात बसतोस आणि शिफ्ट सुटायच्या सुमाराला घरी जातोस.

मोबाईलच्या अ‍ॅपवरून चाळीस हजार उचलू का, म्हणजे दोन महिने पगार आल्यासारखं दिसेल, एवढंच तू विचारलंस. मी नुसतं 'नको' म्हणालो. का नको, ते आता लिहितो.

कष्टाला तू भीत नाहीस हे मी तुला मशीनवर उभं केलं त्या दिवसापासून पाहतोय, तेव्हा धीराच्या गोष्टी सांगत बसत नाही. माझं सांगणं एकच आहे. घरी सांग. सगळा हिशोब वहीत लिही, ती वही घरात उघडी ठेव आणि घरातल्या प्रत्येकाला ती वाचू दे.

२००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. त्याचा वाळूजमधल्या आमच्या पत्र्याच्या शेडशी काय संबंध, हे आम्हाला कळायला दिवाळी उलटावी लागली. गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या तशी आधी ओटी, म्हणजे जादा तासांचं काम, बंद झाली, मग तिसरी शिफ्ट गेली, मग आठवड्यातले दोन दिवस घरी बसा म्हणाले, आणि डिसेंबरात आम्हा चौदा जणांना गेटवरूनच परत पाठवलं. मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. चार महिने घरी सांगितलं नाही. एलआयसीची पॉलिसी मोडली, दोस्तांकडून उसने घेतले, ते संपल्यावर एकाकडून महिन्याला शेकडा पाच व्याजानं आणले. दर महिन्याच्या सात तारखेला तुझ्या काकूच्या हातात पगार ठेवत होतो.

आमचे वडील, दादा म्हणायचो त्यांना, परतूर तालुक्यात गावी होते. साडेचार एकर कोरडवाहू. त्याच वर्षी केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकलेलं पीककर्ज गेलं होतं आणि आमचा सातबारा कित्येक वर्षांनी कोरा झाला होता. दादा हरखून गेले. २००९ च्या मार्चात त्यांचा फोन आला, "बोअर घ्यावं म्हणतो. तुझा पगार चालू हाय ना रे?" मी म्हणालो, "चालूच हाय की. घ्या बोअर."

त्यांनी गावातल्या सावकाराकडून शेकडा तीननं साठ हजार उचलले. मोटार आणि पाईप आधीच आणून ठेवले. तीनशे ऐंशी फूट गेले, नुसता फुफाटा वर आला. पुढं त्या वर्षी पावसानंही पाठ फिरवली. दुसऱ्या पाडव्याच्या आत दीड एकर विकावं लागलं, बांधावरच्या आंब्यासकट.

दादांची चूक नव्हती, हे नीट समजून घे. महिन्याला पगार येतोय हे धरून त्यांनी केलेला हिशोब बरोबर होता. आकडा मी खोटा दिला होता. घरातल्या एकानं खोटा आकडा दिला की बाकीच्यांची शहाणपणानं केलेली कामंसुद्धा खड्ड्यात जातात. तुला वाटतंय तू त्यांना काळजीतून वाचवतोयस. तू त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना रस्ता ओलांडायला लावतोयस.

आता तू मनात म्हणशील, काका, मग तुम्ही का नाही सांगितलं? सांगणार होतो रे. दादांना आदल्या वर्षी झटका येऊन गेला होता, डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. थोरलीची दहावी तोंडावर होती. दोन ठिकाणी माझं बोलणं झालं होतं, महिन्याभरात कुठंतरी लागलोच असतो. दारूला शिवलो नाही, एक पैसा स्वतःवर उडवला नाही, जे केलं ते घरासाठीच केलं. हे मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आलोय, आजही लिहिताना खरंच वाटतं. दादा गेले तेव्हाही त्यांनी त्या फोनचा विषय काढला नव्हता. एकदा तरी काढायला पाहिजे होता त्यांनी.

काकूला कळलं ते शेकडा पाचवाल्याचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. ती नोकरी गेल्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "बारा जणींची भिशी आहे माझी, महिन्याला हजाराची. मला ठाऊक असतं तर पहिल्याच महिन्यात मी माझी उचलली असती. बारा हजार बिनव्याजी घरात पडले असते. आणि तुम्ही शेकडा पाचनं आणलेत?" मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठ दिवसांत तिनं बजाजनगरच्या दोन खोल्या सोडून रांजणगावात एक खोली पाहिली, गावाहून ज्वारीचं पोतं मागवलं, चपात्या बंद करून भाकरी सुरू केली आणि उन्हाळा होता म्हणून चार घरच्या पापड-शेवयांचं काम धरलं. मला चार महिन्यांत जे जमलं नाही ते तिनं आठ दिवसांत केलं, कारण तिच्यापुढं खरा आकडा आला.

हे मला नवीन नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटतं. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. माय आणि दादा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायचे, रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, आम्हा पोरांना सुकडीचा खाऊ मिळायचा. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. (तशाच कामांच्या अनुभवातून पुढं राज्यानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. जगात फार ठिकाणी असा कायदा तेव्हा नव्हता, आणि आपल्याकडच्या पोरांना तो ठाऊक नसतो.) आमची आजी रोज दिवेलागणीला धान्याच्या कणगीत काठी घालायची. काठीवर कोळशानं खुणा केलेल्या होत्या. काठी बाहेर काढून ती आम्हा सगळ्यांना दाखवायची, अगदी कडेवरच्या पोरालासुद्धा. ही खूण म्हणजे वीस दिवस, ही म्हणजे बारा. काठी पाहिली की आम्ही दुसरी भाकरी मागत नसू, आणि कुणी दटावलेलंही मला आठवत नाही. आजीला अक्षरओळख नव्हती. मी आयटीआय झालेला, मापं घेणारा माणूस, आणि मी काठी पाठीमागं लपवली.

मोठी माणसं म्हणतात, पोरांना काय सांगायचं. सगळं सांगायचं. आम्ही नऊ वर्षांचे होतो.

धाकटीला सांगितलं तर अभ्यासावर परिणाम होईल, असं तू म्हणालास तेव्हा मला राग आला होता, तो इथं लिहितो. अठरा वर्षांची मुलगी डॉक्टर व्हायला निघाली आहे. उद्या ती लोकांना त्यांचे आजार तोंडावर सांगणार, आणि स्वतःच्या घराची शिल्लक तिला पेलणार नाही? तिला कळलं तर ती स्वस्तातली मेस शोधेल, मैत्रिणीबरोबर खोली वाटून घेईल. नाही कळलं तर निकालानंतर म्हणेल, दादा, अजून एक वर्ष लातूरलाच रिपीट करते. आणि तू म्हणशील, कर की. मी म्हणालो होतो ना, घ्या बोअर.

आणखी एक. तू बोलता बोलता म्हणालास की आई सध्या बीपीच्या गोळ्या घेत नाही, बरं वाटतंय म्हणते. तू ते सहज बोलून गेलास. माझ्या छातीत धस्स झालं. बीपी असं आपोआप बरं होत नाही, बाबा. हातातला पैसा आटला की घरातल्या बायका पहिल्यांदा स्वतःचं औषध बंद करतात, मग स्वतःचं दूध, आणि त्याबद्दल कुणाला कळू देत नाहीत. तिच्याकडं तरी कुठून येणार पैसा? २०२१ साली ज्या सोयाबीननं दहा हजारांचा भाव दाखवला, तेच २०२४ च्या हंगामात ४८९२ हा हमीभाव असताना त्याच्याही खाली विकलं गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा आठवडाभर रानात पाणी होतं, हे तूच सांगितलंस. म्हणजे तू तिच्यापासून लपवतोयस आणि ती तुझ्यापासून. कापसाचे पैसे तिनं कुठं ठेवलेत हे तरी विचारलंयस का कधी? संभाजीनगर-बीडकडं काही पतसंस्थांत आणि मल्टीस्टेट सोसायट्यांमध्ये जादा व्याजाच्या नादानं ठेवलेल्या कितीक बायाबापड्यांच्या ठेवी अडकून पडल्या आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. तिचं काही अडकलं असेल तर ती आपणहून सांगणार नाही. तू आधी सांगितलंस तर सांगेल.

आता कामाचं. तुझ्या पगारातून कामगार विमा (ईएसआयसी) कापला जात होता ना? २०१८ पासून त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवसांची, आयुष्यात एकदा. किमान दोन वर्षांची विम्याखालची नोकरी आणि हजेरीच्या दिवसांच्या अटी आहेत. तुझी तीन वर्षं भरली आहेत. उद्यानात बसण्यापेक्षा विमा कार्यालयाच्या रांगेत बस. पीएफला एवढ्यात हात लावू नकोस. सूनबाईचं सोनं ठेवायचीच वेळ आली तर बँकेत ठेव, पावती घेऊन, आणि ते तिनं स्वतः जाऊन ठेवावं. कपाटातून गुपचूप काढशील तर या पत्राचा काही उपयोग झाला नाही असं मी समजेन.

अ‍ॅपचं म्हणशील तर, रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केलेत. कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती ते उघड सांगायला पाहिजे, सगळा खर्च धरून व्याज किती ते कर्ज देण्याआधी लिहून द्यायला पाहिजे, आणि फोनमधले नंबर घ्यायचे नाहीत. तू दाखवलेल्या अ‍ॅपनं पहिल्या पानावरच तुझे सगळे नंबर मागितले होते. हप्ता थकला की ते त्या नंबरांवर फोन करतील. म्हणजे बायकोला, आईला आणि धाकटीला कळणारच आहे, फक्त तुझ्या तोंडून नाही. आमच्या दारात एक माणूस आला होता, तुझ्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर येतील. आणि गावात आईनं जमिनीवर लिहून देऊन सावकाराकडून काही घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायची तरतूद त्यात आहे. आम्ही विकलं तेव्हा हा कायदा नव्हता. असता तरी मी गेलो असतो का, देव जाणे. तिथं गेलं की सगळं बोलावं लागतं.

गाडीच्या हप्त्याचं फायनान्सवाल्याला थकायच्या आधी जाऊन सांग. किराणावाल्याला सांग. सांगितलेल्या माणसाला लोक चार दिवस देतात. आणि नवीन काम शोधायलासुद्धा तुझं हे गुपित आडवं येतंय, ध्यानात घे. नोकरी गेली हेच कुणाला ठाऊक नाही तर तुझ्यासाठी शब्द कोण टाकणार? शेंद्र्यात माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं सुपरवायझर आहेत. त्यांना मी फोन करतो, पण तुझ्या घरी कळल्यावर. त्याआधी नाही. यावर तू रागावशील, रागाव.

या पत्राबरोबर शंभर पानी वही पाठवतोय. पहिल्या पानावर रकाने मीच आखलेत: कुणाचं देणं, किती टक्क्यानं, घरात आज शिल्लक किती, आणि त्यात किती दिवस निघतील. खाली वाचल्याच्या सह्यांसाठी चार जागा सोडल्या आहेत. तू, सूनबाई, आई, धाकटी. आज रात्री सूनबाईपुढं ठेव. रविवारी सिडको स्टँडवरून सकाळची गेवराईची एसटी धर, दोघंही जा. गेल्या गेल्या आईच्या गोळ्यांची पट्टी मागून घे आणि त्यातल्या किती उरल्यात ते आधी मोज.

तुझा,
काका