ड्यूटी सुटल्यावरचा गेम

अगो बाय,

परवा स्टाफ कॅन्टीनमधे तू डोळे लाल करून बसलेलीस, मी विचारलं झोप झाली नाय काय गो, तर म्हणालीस "रिलॅक्स व्हायला गेम खेळत बसले आणि तीन वाजले." मी तेव्हा हसलो आणि चहाचा ग्लास घेऊन वर गेलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण हॉटेलात नाइट ऑडिटला, म्हणजे रात्रपाळीत दिवसभराचा हिशेब लावायला, होतो तेव्हा मीही नेमकं हेच करायचो आणि मला टोकणारं कोणी नव्हतं. समोर सांगायला गेलो तर दोन मिनिटांत कोणीतरी चेक-इनला येऊन उभा राहणार, म्हणून लिहूनच काढतो. एका दमात वाचायची गरज नाही, बसमधे वाच.

आधीच सांगतो, गेम सोड म्हणून हे पत्र नाही. मी स्वतः शेहेचाळीसचा आहे आणि रात्री जेवणं झाली की लॅपटॉपवर युरोपात ट्रक चालवतो, घरी त्यावरून बोलणीही खातो. दमलेल्या माणसाला गेम पाहिजेच, निदान मला तरी पाहिजे. (सुशेगाद, म्हणजे निवांत, हा शब्द टी-शर्टवर छापून विकणाऱ्यांनी डिसेंबरात आमच्या रिसेप्शनवर एक डबल शिफ्ट करावी, मग बोलू.)

तुझा दिवस मला पाठ आहे. सात ते अकरा ड्यूटी, मग ब्रेक, म्हापशाच्या रूमवर जाऊन यायचं तर अर्धा ब्रेक बसमधेच जातो म्हणून लॉकर रूमच्या बाकावर आडवं व्हायचं, सहाला परत केस विंचरून काउंटरवर, आणि मग रात्री दहापर्यंत कोणाचा एसी गळतोय, कोणाला सी व्ह्यू म्हणून बुक केलेली रूम पार्किंगकडे निघाली, आणि चूक तुझी नसताना "सॉरी सर, लगेच बघते" म्हणत हसायचं. एवढं करून रूमवर पोचतेस आणि काय लावतेस तर बीजीएमआय, तो गोळीबाराचा ऑनलाइन गेम, तेही रँक पुश, म्हणजे वरचा नंबर गाठायची धडपड. शंभर माणसं उतरणार, मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास, मधे पॉज नाही, आणि कानात तीन अनोळखी पोरं "रिवाइव्ह कर, रिवाइव्ह कर" म्हणून ओरडतायत. अगो, दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी ऐकून घेतलीस ती कमी पडली काय? गेम चांगला आहे, वाईट म्हणत नाही, वीकली ऑफला पेडण्याला गेलीस की चुलतभावांबरोबर खेळ, मजाच आहे. पण रात्री अकराला तो खेळलास तर तुझी ड्यूटी सुटत नाही, नुसती काउंटरवरून मोबाइलवर येते.

मी गेम घेताना एकच गोष्ट बघतो. तो सुरू कसा होतो ते नाही, सुटतो कसा ते. लाईट गेली, आईचा फोन आला, किंवा खेळता खेळता डोळा लागला, या तिन्ही वेळी काही बिघडत नसेल तर तो रात्रीचा गेम. ग्राफिक्स गोड आहेत, मागे पियानो वाजतोय, गाई फिरतायत, यावर जाऊ नको, गोड दिसणारे गेमच जास्त पकडून ठेवतात.

हे मी पैसे देऊन शिकलोय. नाइट ऑडिटला तीनच्या सुमारास डे क्लोज लावला की सिस्टम आपली आपण चालत राहायची, आपण नुसतं बघत बसायचं, तेव्हा मोबाइलवर तो रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम घेतलेला. फुकट. पाच लाइफ, त्या संपल्या की थांबा नाहीतर पैसे भरा. पहाटे साडेतीनला माणूस थांबेल काय? महिना संपल्यावर कार्डाचं स्टेटमेंट आलं तेव्हा आकडा बघून मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो, किती ते इथे लिहीत नाही कारण हे पत्र घरातही वाचलं जाईल. म्हणून सांगतो, ज्या गेममधे थांबायचं नसेल तर पैसे मोजावे लागतात तो आरामाचा गेम नाही. रमीबिमीचं तर सोडच, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेनं कायदा करून बंदी घातली, आणि त्या आधीही आपल्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती, मांडवीच्या पुलावरून रोज ती दिवे लावलेली कॅसिनोची जहाजं दिसतात, आपल्या काउंटरवर सकाळी सहाला परत येणारे त्यांचे गेस्टही तू बघतेस, त्यांच्यातला रिलॅक्स होऊन आलेला किती जण दिसलाय तुला?

आता नावं.

पहिलं स्टारड्यू व्हॅली. ऑफिसातल्या नोकरीला कंटाळलेल्या माणसाला आजोबांची पडीक शेती मिळते, तिथून गेम सुरू. गावचा मेयर पंधरा बिया देतो, त्या पेरायच्या, पाणी घालायचं, चार दिवसांनी काढायच्या. हा सगळा गेम एका माणसानं एकट्यानं केलाय, एरिक बॅरोन, चित्रं त्याची, संगीत त्याचं, साडेचार वर्षं लागली, आणि त्या काळात पोटापाण्याला तो सिएटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना सीट दाखवायचं काम करायचा, म्हणजे आपल्याच लायनीतला. २०१६ मधे बाहेर आला. एकदा पैसे दिले की झालं, आत दुकान नाही, जाहिरात नाही.

यात एक मेख आहे ती नीट ऐक. गेममधला एक दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो, आपल्या घड्याळानं साधारण चौदा मिनिटं. लॅपटॉपवर गेम सेव्ह होतो तो तुझं माणूस गेममधे झोपलं की, मधे कधीच नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जरवरच चालतो, आणि जुलैत एकदा सगळी कलिंगडं काढली, विकायच्या पेटीत टाकली, आता घरात शिरून झोपणार तेवढ्यात लाईट गेली. तो दिवस गेला. अंधारात मी पाच मिनिटं तसाच बसून होतो, बायको मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, "तुमची कलिंगडं गेली काय?" तेव्हा तू मोबाइलवरच घे, मोबाइलवर तो मधेमधे आपोआप सेव्ह होतो. आणि दोन दिवस खेळायचे, म्हणजे अर्धा तास. तिसरा दिवस सुरू करायचा मोह होणार, कारण सकाळी गेममधला टीव्ही लावला की उद्या पाऊस आहे असं कळतं, पाऊस म्हणजे झाडांना पाणी घालायला नको, मग वाटतं एवढा एक मोकळा दिवस घेऊ. तिथेच मोबाइल उलटा ठेव. मासेमारीच्या वाटेलाही सुरुवातीला जाऊ नको, गोव्याच्या माणसाला हात शिवशिवणारच पण ती हिरवी पट्टी मासा वरखाली पळेल तशी पळवायची असते, दमलेल्या हाताला जमत नाही आणि नुसती चिडचिड होते. गाजरं, मुळे, कोंबड्या, बस.

दुसरं तुझ्यासाठी मुद्दाम काढलंय, अनपॅकिंग. २०२१ चा, ऑस्ट्रेलियातल्या विच बीम नावाच्या छोट्या टीमनं केलेला, मोबाइलवरही आहे. खोके उघडायचे आणि सामान लावायचं, एवढाच गेम. १९९७ मधे एका मुलीची लहानपणची खोली, मग होस्टेल, मग शेअरिंगचं घर, असं २०१८ पर्यंत आठ वेळा तिचं बिऱ्हाड हलतं आणि आपण लावत जायचं. ती मुलगी एकदाही दिसत नाही, कोणी एक शब्द बोलत नाही, पण कुठलं खेळणं ती अजून सांभाळून ठेवते, कुठला मग मधेच गायब झाला, यावरून ती तुला तुझ्या रूममेटपेक्षा जास्त कळते. २०१० सालचं घर आलं की बघ. ती मित्राच्या फ्लॅटवर राहायला जाते आणि तिची डिग्रीची फ्रेम लावायला भिंतीवर जागाच नाही, सगळीकडे त्याचंच सामान. मी बाथरूमपर्यंत सगळीकडे फिरवून बघितली ती फ्रेम, प्रत्येक ठिकाणी लाल कड येते, म्हणजे इथे चालणार नाही. शेवटी पलंगाखाली सरकवली तेव्हा गेमनं घेतली. मी उठून पाणी पिऊन आलो. चहाचे कप लावायच्या गेमनं असं काही करावं हे मला अपेक्षित नव्हतं. आणि लाल कडांचा वैताग आला तर सेटिंगमधे कुठलीही वस्तू कुठेही ठेवायची मुभा देता येते, ती खुशाल देऊन टाक, रात्री कोणाला परीक्षा द्यायचीय.

तुझ्या त्या म्हापशाच्या रूमवर अजून दोन खोके न उघडलेले पडलेत असं तूच सांगितलेलंस, म्हणून हा आठवला.

अ शॉर्ट हाइक हा दोनतीन तासांत संपतो, म्हणजे दोनतीन रात्री. एक छोटीशी पक्षीण मावशीकडे सुट्टीला आलीये, तिला एका फोनची वाट बघायचीय आणि त्या जागी रेंजच नाही, म्हणून ती डोंगराच्या टोकावर चढते. हे वाचून मी हसलो कारण आमच्या सत्तरी तालुक्यातल्या गावी एका ठराविक फणसाखाली उभं राहिलं की दोन काड्या यायच्या आणि सगळा वाडा संध्याकाळी तिथे. गेममधे वाटेत कोणी भेटतं, कोणाचं काही हरवलेलं असतं, शोधलं तर शोधलं, नाही तर नाही, कोणी रागवत नाही. हा लॅपटॉपवर खेळ. टाउनस्केपर तर गेम म्हणावा की नाही माहीत नाही, समुद्रात क्लिक केलं की घर उगवतं, परत क्लिक केलं की मजला चढतो, ना पैसे ना मार्क, ब्राउझरमधे फुकट चालतो, पाच मिनिटांच्या ब्रेकला बरा. मिनी मेट्रो, म्हणजे रेघा ओढून स्टेशनं जोडायचा गेम, लोक शांत म्हणून सांगतात, त्यात मुंबईचा नकाशाही आहे, पण स्टेशनावर गर्दी साठत जाते आणि ती हटवता हटवता आपलंच काउंटर आठवतं, तेव्हा घेतलासच तर त्यातला एंडलेस मोड लाव, त्यात गर्दीनं गेम संपत नाही.

माझा ट्रकवाला म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २, २०१२ चा, प्रागच्या कंपनीचा. पर्वरीच्या ट्रॅफिकमधून स्कूटर काढून घरी येणाऱ्या माणसाला परत गाडी चालवण्यात काय मिळतं असं घरचे विचारतात, त्याला उत्तर एवढंच की तिथे हॉर्नचा असा गोंगाट नाही. पाऊस, वायपर, कुठलातरी परक्या भाषेतला रेडिओ, आणि कधीही सेव्ह करून उठता येतं. तुला तो आवडेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, ही मात्र मनावर घे. शेवटी जे खेळतेस ते डोळे मिटल्यावर सोबत येतं. शाळेत असताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी तो ९९९९ गेमवाला ब्रिक गेम आणलेला, त्यात खरे गेम दहाबारा आणि आम्ही खेळायचो तो एकच, टेट्रिस, १९८४ मधे मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवनं केलेला. रात्री उशीवर डोकं टेकलं की विटा पडायला सुरुवात. मला वाटायचं मलाच होतं. पुढे वाचलं की हार्वर्डच्या लोकांनी २००० साली यावर अभ्यास केला होता, टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागता लागता ते तुकडे पडताना दिसायचे, आणि ज्यांची स्मरणशक्ती गेलेली, आपण हा गेम खेळलो हेही ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्यातल्याही काहींना दिसायचे. आता तूच ठरव, डोळे मिटल्यावर गोळ्या झाडणारी पोरं दिसायला हवीत की पाणी घातलेले मुळ्यांचे वाफे.

बारीकसारीक सांगायचं तर खेळताना फ्रंट ऑफिसचा ग्रुप म्यूट कर, रात्री साडेअकराला कोणीतरी रोस्टर टाकतोच आणि तो बघून उद्या बदलत नाही. आडवं पडून खेळू नको, मोबाइल नाकावर पडतो, अनुभवानं सांगतोय. आणि काही दिवस असे असतात की गेम लावायचीही ताकद नसते, त्या दिवशी गरम पाण्यानं अंघोळ, शीत-हुमण (आपला भात आणि माशाची आमटी), आणि झोप. त्या दिवशी मुळे वाळत नाहीत, गेम बंद असला की तिथे वेळ पुढे सरकत नाही.

लॅपटॉप तुझ्या भावाचा जुना आहे ना, त्यावर अ शॉर्ट हाइक चालेल असं वाटतं पण घ्यायच्या आधी एकदा बघू. गुरुवारी माझी जनरल शिफ्ट आहे, ब्रेकमधे घेऊन ये. चार्जरसकट.