आधी ते स्थळ परत करा

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने आईला सांगितलं, मला मुली नाही, मुलगे आवडतात. वडिलांनी ‘हे विलायती खूळ आहे, आपल्यात असलं कधी नव्हतं’ म्हणून त्याच्याशी बोलणंच टाकलं. जाऊबाईंनी तासगावकडचं स्थळ आणलंय. त्यांच्या मते एकदा अक्षता पडल्या की पोरगा ताळ्यावर येईल. धाकटी लेक अजून लग्नाची आहे. ताई विचारतात, आमचे संस्कार कुठे कमी पडले? आणि लग्न लावून द्यावं का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. लग्न लावू नका. अक्षतांनी कुणाची ओढ बदलत नाही. तुमच्या पत्रात त्या तासगावच्या मुलीबद्दल एक ओळही नाही. ती कुणाची तरी धाकटी लेकच असणार. वर्षभर ‘आपल्यातच काही कमी आहे का’ म्हणून ती रात्री उशी भिजवणार, आणि मूल का होत नाही हे सगळे तिलाच विचारणार.

संस्कारांचं म्हणाल तर तुमचं काही चुकलेलं नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मुलाला ‘बरा करतो’ म्हणणारा डॉक्टर कुणी सुचवला तर दारातूनच परत फिरा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलं आहे.

आता तुमच्या यजमानांचं ‘आपल्यात नव्हतं’. होतं की. वात्स्यायनाच्या कामसूत्रात पुरुषापुरुषांतल्या संगाचं वर्णन आहे. मनुस्मृतीला तो दोषच वाटतो, पण त्यासाठी द्विजाला सांगितलेलं प्रायश्चित्त काय, तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान. (बायकांच्या बाबतीत मात्र तीच स्मृती बोटं छाटायला सांगते, तेव्हा जुन्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही.) जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली ती इंग्रजांच्या १८६० सालच्या दंडसंहितेतून, कलम ३७७ मधून. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द त्या कलमातले. यजमानांना सांगा, विलायतेहून काही आलंच असेल तर ते हे कलम. दीडशे वर्षं ते पुस्तकात राहिलं आणि कायद्याची भाषा आपल्या ओसरीवरही रुळली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले. तुमचा मुलगा गुन्हेगार नाही.

पण सगळं खापर इंग्रजांवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तुमच्या भागात यल्लम्मा देवीला सोडलेले जोगते तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. साडी नेसलेला, कपाळभर भंडारा लावलेला जोगत्या दारात आला की सासूबाई परडीत पीठ घालून पाया पडायच्या. तुमचा मुलगा जोगत्या नाही, ही गल्लत करू नका; तो पुरुष आहे आणि त्याला पुरुष आवडतात, एवढंच. मुद्दा वेगळा आहे. वेगळ्या माणसाला आपण जागा दिली ती उंबऱ्याबाहेर, देवाच्या नावाने सोडून. घरात राहून, पगार आणून, बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना पंगतीला वाढणाऱ्या वेगळ्या मुलाला जागा कधी दिलीच नाही. कारण आपल्याकडे लग्न दोघांचं नसतंच. ते भावकीचं, जातीचं, शेताच्या वाटण्यांचं, वंशाच्या दिव्याचं असतं. बाहेर काय करतोस ते कर, पण बोहल्यावर उभा राहा, हा आपला जुना तोडगा. त्यात किती बायकांचे जन्म वाया गेले ते कुणी मोजलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, तुमचे यजमान चिडलेत त्यापेक्षा घाबरलेत जास्त. धाकटीच्या सोयरिकीला कुणी नाव ठेवेल, ही ती भीती. ती खोटी नाही. पण ती लोकांची भीती आहे, मुलाचा दोष नाही, एवढं त्यांच्याशी एकांतात बोला. संस्कृतीवर वाद घालू नका. त्यात तेच जिंकतील, आवाज त्यांचा मोठा असणार.

उघडपणे बोलायची सोय आपल्याकडे फार उशिरा झाली, हेही लक्षात घ्या. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत, त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. त्यापायी अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू लढवली, तरी ते खटला हरले. तुमच्या यजमानांचे वडील ज्या काळात वाढले तो हा काळ. मग त्या घरात हा विषय निघणार कसा?

तर ताई, स्थळाचा कागद जाऊबाईंना परत द्या. कारण विचारलं तर ‘त्याला आत्ता लग्न करायचं नाही’ एवढं पुरे. खरं कारण कुणाला आणि कधी सांगायचं ते मुलाला ठरवू द्या. धाकटीलासुद्धा त्याला विचारूनच. आणि त्याला फोन करा. जेवलास का, एवढं विचारलंत तरी चालेल, फक्त लग्नाचं काढू नका.